यशवंतरावांच्या ट्रॅक्टरात गेलेली हवा

इचोडा,
कोजागिरी उलटून गेल्यावर

ती. सौ. सोनाक्काच्या चरणी धाकट्या गोपालचा वाकून नमस्कार. (वाकलो तो कागदावरच. कंबर धरली आहे. का धरली ते पुढे येईल.) भाऊजींच्या गुडघ्याला चंद्रपूरच्या डॉक्टरचं औषध लागू पडलं का? म्हैस व्यायली का, आणि व्यायली असेल तर खरवस कुणाकुणाच्या घरी गेला, हे सविस्तर कळवणे. तुझा अमर हैदराबादेत खुशाल असेल. त्याने मला बॅटरीवर चालणारा हवा भरायचा पंप पाठवला होता, त्याबद्दल त्याला आशीर्वाद. त्या पंपाचं मी काय केलं ते मात्र त्याला सांगू नकोस. इकडे रमा ठीक आहे, म्हणजे मला सोडून सगळ्यांशी बोलते. दुकान ठीक आहे. स्वरा ठीक नाही, आणि हे पत्र तिच्यासाठीच आहे.

तुझ्या कानावर एव्हाना आलंच असेल की दसऱ्याला स्वराच्या सोयरिकीचा शब्द व्हायचा होता आणि तो झाला नाही. रमाने फोनवर सांगितलं असणार, आणि तिच्या हकिगतीत माझ्या वाट्याला एकच वाक्य आलं असणार : "ह्यांनी भाषण केलं." अक्का, तू न्यायी आहेस. लहानपणी चिंचांवरून भांडण झालं की तू दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घ्यायचीस आणि मगच मला मारायचीस. आताही माझं एवढंच मागणं आहे. आधी ऐक.

मंडळी कोण ते सांगतो. मुलगा पंकज. उटनूरच्या अलीकडे, जंगलाच्या कडेला त्यांचं गाव. बाप यशवंतराव वांगी, टमाटे, मिरची लावतो आणि पंकज ती भाजी उटनूरच्या वसतिगृहांना पोचवतो. आपली स्वरा तिथेच कचेरीत बसते, आलेल्या मालाची नोंद करते. वांग्यांच्या वजनावरून दोघांची बोलाचाली सुरू झाली आणि ती संपेचना, तेव्हाच मला कळायला हवं होतं की विषय वांग्यांचा राहिलेला नाही. पण मला कळल्यावर मी एका क्षणात होकार दिला. (रमा म्हणते, एका क्षणात नाही, एका संध्याकाळी, मधल्या वेळात मी विवाहसंस्थेचा उगम समजावून सांगत होतो.) अट एकच घातली. देणं नाही, घेणं नाही. हुंड्याच्या विरोधात मी या तालुक्यातलं एकही व्यासपीठ सोडलेलं नाही, बैलबाजाराचंसुद्धा नाही. तेव्हा यशवंतरावांना खणखणीत बजावलं, की लग्न लागेपर्यंत मी तुमच्या घरातून हळदीची पुडी घेणार नाही आणि सुपारीचं खांड देणार नाही. ते हसून म्हणाले, "आमचंबी तेच हाये. नाई तं आमच्या मायले इचारा."

ही माय म्हणजे बयनाबाई, पंकजची आजी. अंगाने चिमणी, हुकमाने कलेक्टर. घरात तिची एक रीत आहे. सोयरिकीचा शब्द दसऱ्यालाच द्यायचा, तोही गावच्या शिवेवर जम्मीच्या झाडाखाली (तुझ्याकडे तिला शमी म्हणत असतील), आणि तोही सोनं लुटायच्या आधी. एकदा पानं हातोहात गेली की त्या सालचा शब्द संपला. मग सरळ पुढचा दसरा. मला ही रीत आवडली. देवाधर्माची म्हणून नाही, झाडाखाली सगळ्या गावासमोर व्यवहार होतो म्हणून. पण स्वराला पुढचा दसरा नको होता. ती तसं बोलली नाही. तिने फक्त सकाळी उठल्या उठल्या माझ्या गाडीचं मागचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, हवा कमी आहे."

इथून खरी हकिगत सुरू होते.

इचोड्याच्या माणसाला हवेची काय कमी? महामार्गावर पंक्चरवाल्यांची रांगच्या रांग आहे. नागपूरचा ट्रक असो की हैदराबादचा, इथे येऊन श्वास घेतो. पण दसऱ्याला काय दिसलं माहीत आहे? एकूणएक दुकानात हवेचं यंत्र झेंडूत बुडालेलं, समोर नारळ, लिंबू, पान्यांना कुंकू, आणि मालक नवा शर्ट घालून दुकानाबाहेर खुर्चीत. यंत्राला हात लावायचा नाही. मी एकाला म्हटलं, भल्या माणसा, अवजाराचा मान ते वापरण्यात आहे. ज्या समाजाने अवजाराला देव केलं आणि काम उद्यावर टाकलं, त्याच्यावर इतिहासात काय काय पाळी आली ते मी तुला सांगतो. सांगितलं. त्याने सगळं ऐकलं. हात जोडून म्हणाला, "भाषण बहोत अच्छा था साब. हवा कल."

मी डगमगलो नाही. मुळात माझा सिद्धांतच असा आहे की माणसाने श्वासासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहू नये. मी हवा भरायची साधनं गाडीसोबत बाळगतो. (रमा त्याला "हवेचं दुकान" म्हणते. म्हणू दे.) एक, अमरचा बॅटरीचा पंप, खिशात मावणारा. दोन, पायाखाली धरून दांडा दाबायचा जुना लोखंडी पंप. तीन, गॅसची बोटाएवढी नळकांडी. फिरवली की एका दमात चाक भरतं असं डब्यावर लिहिलेलं. आणि चार, माझी स्वतःची कल्पना, एका रबर-दुकानदाराकडून करवून घेतलेली नळी, जिच्या दोन्ही टोकांना चाकाच्या तोंडावर बसणाऱ्या टोप्या आहेत. एक टोक भरलेल्या चाकाला लावायचं, दुसरं रिकाम्याला. ज्याच्याकडे जास्त आहे त्याच्याकडून ज्याच्याकडे कमी आहे त्याच्याकडे, मध्ये दलाल नाही, सरकार नाही, वीज नाही. अक्का, जगातल्या क्रांत्या मी वाचल्या आहेत, पण हातभर रबरात मावलेली ही एकच पाहिली.

रमा सकाळीच शेजाऱ्यांच्या जीपमधून फराळाचे डबे घेऊन पुढे गेली होती. मी आणि स्वरा दुपारी गाडीवर निघालो. मुलीच्या आयुष्याचा शब्द मुलीनेच द्यावा, बापाने फक्त बाजूला उभं राहावं, हे माझं ठाम मत असल्यामुळे स्वरा सोबत होती. (बाजूला उभं राहण्याबद्दल रमा पुढे जे बोलली ते इथे लिहीत नाही.) उटनूरच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे सागवान, माणूस नाही, फोनला रेघ नाही. चढ संपतो तिथे गाडी म्हशीसारखी डुलायला लागली. उतरून पाहतो तर मागच्या चाकात बाभळीचा काटा, आणि चाक जमिनीला टेकलेलं. मी काटा उपटायला हात घातला तर स्वरा ओरडली, "बाबा, राहू द्या! काट्यानंच भोक बुजवलंय!" ते मी ऐकलं. त्या दिवशी मी कुणाचंच ऐकलं नाही असं रमाने सांगितलं असेल तर हे तिला दाखव.

प्रथम अमरचा पंप काढला. बटण दाबलं. त्याने लाल डोळा उघडला, एक जांभई दिली आणि निजला. आता खरं सांगायचं तर आदल्या दिवशी, खंडेनवमीच्या साफसफाईत, मी त्याच पंपाने दुकानातल्या पुस्तकांवरची धूळ उडवली होती. अर्थशास्त्रापासून सुरुवात केली आणि कादंबऱ्यांपर्यंत आलो. इतकी सुंदर धूळ उडत होती की थांबवेना. मग त्याला वीज लावणार, तोच रमाने तो पूजेच्या पाटावर मांडला. तराजू, कात्री, शिलाई मशीन, पायाचा पंप, सगळ्यांच्या ओळीत. पूजेतल्या वस्तूला करंट द्यायचा नाही, असं तिचं शास्त्र. मी विरोध केला, पण घरात मतदान झालं आणि मी हरलो.

मग गॅसचं नळकांडं. इथे माझा दोष नाही, माझ्या स्वभावाचा आहे. कुठलीही कृती करण्याआधी तिच्यामागचं तत्त्व समोरच्याला समजावलं पाहिजे, नाहीतर ती कृती आंधळी. म्हणून चाकाला जोडण्याआधी मी नळकांडं हातात धरून स्वराला दाखवलं, की बघ, इथे दाबून बसवलेला वायू आहे, आणि ही कळ अशी फिरवली असता... तो वायू मी वाक्य पूर्ण करायच्या आत निघून गेला. सागवानाची दोन पानं हलली. माझ्या बोटांवर पांढरा बर्फ जमला, आश्विनाच्या उन्हात. स्वरा बोटं चोळत बसली आणि म्हणाली, "समजलं बाबा."

मग मी समतेची नळी काढली. पुढचं चाक गच्च होतं, मागचं उपाशी. दोन्ही टोकं जोडली, आणि अक्का, खरोखर झालं! सूंऽऽ करून हवा निघाली, मागचं चाक उठायला लागलं. मी टाळी वाजवली. हवा थांबली तेव्हा दोन्ही चाकं अगदी समान होती. दोन्ही अर्धवट बसलेली. एकावरही गाडी चालेना. स्वरा दोन्हींकडे पाहून म्हणाली, "आता दोन चाकं भरावी लागतील." मी तिला म्हटलं, संक्रमणकाळात असं होतं.

राहिला पायाचा पंप. हा आपल्या बाबांच्या सायकलच्या दुकानातला, तुला आठवत असेल. दांडा दाबला तर खाली जाईना. जोर केला. नाही. नळीचं तोंड पाहिलं तर त्यात गूळ! रमाने पूजेत बाकी अवजारांना नैवेद्य नुसता दाखवला होता, पण पंपाला तोंड आहे म्हणून त्याला भरवला होता. गूळ, खोबरं आणि वर अक्षता. रात्रभरात तो वाळून दगड झाला आणि आत मुंग्यांचं गाव वसलं. तुला हसू येत असेल. मलाही आलं असतं, पण तिकडे शिवेवर गाव जमत होतं आणि ऊन कलायला लागलं होतं, आणि माझी मुलगी डोक्यातली पिन काढून पंपाच्या तोंडातून तांदळाचा एकेक दाणा उकरत होती. नवी हिरवी साडी, हाताला चिकट गूळ, मुंग्या चावताहेत. तिने मला एकदा जरी बोल लावला असता तर मी उत्तर दिलं असतं. मग बाटलीतलं पाणी ओतून तोंड धुतलं, मी दांडा धरला आणि दाबायला लागलो. पहिल्यांदा चाकात गुळाचं पाणी गेलं, मग मुंग्या गेल्या, मग हवा. आळीपाळीने दाबत राहिलो. कंबर गेली ती तिथे. पण मागचं चाक असं टणक झालं की अंगठा रुतेना. पुढच्या अर्ध्या चाकावर हळूहळू जाता आलं असतं. स्वरा म्हणाली, "बसा, निघू." अक्का, मी बसलो असतो. शपथेवर सांगतो, एक पाय टाकला होता.

तेवढ्यात समोरून ट्रॅक्टर आला.

झेंडूच्या माळा, पुढे लिंबू-मिरची, चालवायला यशवंतराव, आणि मागे ट्रॉलीत बयनाबाई आणि जम्मीला निघालेल्या गावच्या दहा-पंधरा बाया. आम्ही येत नाही म्हणून शोधायला आले होते. रमाने तिथे सांगितलं होतं, "येतच असतील, रस्त्यात कुणाला तरी काहीतरी समजावत असतील." (हे व्याह्यांच्या दारात बसून.) यशवंतराव उडी मारून उतरले, म्हणाले, "काऊन गोपालराव, हवा गेली काय? गाडी टाका ट्रॉलीत, चाला." एवढं साधं होतं. पण ट्रॉलीत पंधरा श्रोते होते. आणि समोर ट्रॅक्टरचं ते मागचं चाक, माझ्या छातीएवढं. मला वाटलं, केवढी हवा असेल यात! माझ्या चाकासारख्या पन्नास चाकांना पुरेल आणि त्याला कळणारही नाही. जिथे एवढा साठा आहे तिथून थोडं गरजवंताकडे वळवणं याहून मोठं उदाहरण पुन्हा कधी मिळणार होतं?

मी नळी वर धरली आणि बोललो. थोडक्यात बोललो. बायांना सांगितलं, की मी या घरातून काही घेणार नाही असं म्हटलं होतं आणि त्यावर ठाम आहे. म्हणून ही हवा मी उसनी घेतो आहे, लग्नाआधी परत करीन. तुमच्या मोठ्या चाकाकडून या लहान चाकाकडे ती कशी आपोआप वाहते ते डोळ्यांनी बघा. स्वरा मागून म्हणत होती, "बाबा, चाक भरलेलं आहे. बाबा." मी एक टोक ट्रॅक्टरला लावलं, दुसरं माझ्या चाकाला.

अक्का, ती उलटी वाहिली.

दमदार सूंऽऽ आवाज झाला, आणि मी घाम गाळून टणक केलेलं चाक माझ्या डोळ्यांदेखत मेणासारखं बसलं. ट्रॅक्टरच्या चाकाला काहीही झालं नाही. ढेकरही दिली नाही. नंतर स्वराने सांगितलं, की चाक मोठं असलं म्हणून आतला दाब जास्त असतो असं नाही. शेतात रुतू नये म्हणून ट्रॅक्टरला तो कमीच ठेवतात. हे खरं असेल. पण त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की लहान चाकाची हवा मोठ्या चाकाने ओढून घेतली आणि पंधरा बाया ते बघत आहेत. एकजण हसून म्हणाली, "वो माय, पोरीच्या बापानं हवा देल्ली!" दुसरी म्हणाली, "हुंडा झाला म्हना! गाडी नाई, घोडा नाई, नुसती हवा!" सगळी ट्रॉली हसली. यशवंतराव हसले. मीही हसणार होतो.

बयनाबाई हसली नाही. तिने हाताने सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाली, "वापस कर."

यशवंतरावांना वाटलं गंमत आहे. गंमत नव्हती. ती म्हणाली, "माह्या लग्नात माह्या बापानं बैलजोडी देल्ली. त्यातला एक पायानं अधू निंगला. मी सासू होयेपर्यंत त्या बैलावून बोलणे खाल्ले. बैल मेला तरी बोलणे सरले नाई. तवापासून मी ठरवलं, माह्या घरात सुनेच्या बापाचं काईबी येनार नाई. काईबी म्हंजे काईबी. वापस कर यशवंता." यशवंतराव म्हणाले, "माय, ते हवा हाये. वापस कशी करू? तिकडं जातच नाई ते." खरंच जात नव्हती. नळी अजून लावलेलीच होती. दोन्हीकडे दाब सारखा झाला होता आणि हवा हलायला तयार नव्हती.

इथे मी काय करायला हवं होतं? पाया पडायला हवं होतं. माझ्यासारखाच विचार करणारा, माझ्यापेक्षा कडक विचार करणारा माणूस मला एवढ्या वर्षांत पहिल्यांदा भेटला होता, आणि तो ट्रॉलीत बसलेला होता. पण मी तिला हवा ही मालमत्ता कशी नव्हे हे समजावायला घेतलं. हवेवर मालकी नाही, जिच्यावर मालकी नाही ती देता येत नाही, जी देता येत नाही ती हुंडा होऊ शकत नाही. युक्तिवाद निर्दोष होता. बयनाबाईने सगळा ऐकून घेतला आणि विचारलं, "कोनाचीच नाई तं मंग एवढा घाम गाळून भरून काऊन राह्यला होता?"

मी नळी काढून गुंडाळायला घेतली.

शेवटी माझी गाडी उचलून ट्रॉलीत ठेवली, आणि कंबरेमुळे मला खाली बसता येईना म्हणून मला तिच्यावर बसवलं. अशा रीतीने मी, दोन्ही बसलेल्या चाकांच्या गाडीवर ताठ बसून, झेंडूच्या माळांत, पंधरा बायांच्या मध्ये, विसर्जनाला निघालेल्या मूर्तीसारखा व्याह्यांच्या शिवेवर पोचलो. गावाला वाटलं हाच या घरचा मान. जम्मीखाली सगळे जमले होते. पंकज स्वराकडे पाहत होता, स्वरा झाडाकडे. बयनाबाई झाडाला हात जोडून म्हणाली, "पयले ह्यायची हवा वापस, मंग शब्द. दसरा हुकला तं हुकू दे, पन घरात दुसऱ्याचं ठेवून सून आननार नाई." आणि पानं वाटायला लागली. रमाने मला सोनं दिलं ते तोंडाकडे न बघता. स्वराने सगळ्या वडीलधाऱ्यांना वाकून पानं दिली, बयनाबाईलाही दिली, आणि परत येताना जीपमध्ये खिडकीकडे बसली. मला वाटलं ती रडेल. ती रडली असती तर मी समजूत काढली असती.

तेव्हापासून मी परतफेडीचे मार्ग शोधतो आहे. एक ट्यूब गच्च भरून बयनाबाईकडे पाठवली. ती म्हणाली, "हे अजून आनली? पयलीच जड होऊन राह्यली." आणि ट्यूब परत आली. मग मी विचार केला, ट्रॅक्टर डोंगरावर नेला तर... पण ते जाऊ दे. माझी भूमिका स्पष्ट आहे. मी चुकलेलो नाही. मी हेतूने दिलेलं नाही, म्हणून परत घेण्याचा प्रश्न येत नाही, म्हणून माफीचा प्रश्न येत नाही. मोडेन पण वाकणार नाही. (कंबरेचा याच्याशी संबंध नाही.) या विषयावर मी सविस्तर टिपण करतो आहे, ते गावसभेत वाचायचा विचार आहे.

भाऊजींना नमस्कार, सगळ्यांना माझा आशीर्वाद.

तुझा,
गोपाल

ता. क. अक्का, वरचं सगळं खरं आहे, पण पत्र त्यासाठी लिहिलं नाही. बयनाबाईचं माहेर तुमच्या वांकिडीचं. बाजाराला आली की ती अजून तुझ्या ओट्यावर बसून चहा घेते असं रमा सांगते. तू एकदा उटनूरला जा. तिला म्हणावं, गोपाल मूर्ख आहे. म्हणावं, तो लहानपणापासून असाच आहे. मी माफी मागितली म्हणून सांग, पाया पडलो म्हणून सांग, काय सांगायचं ते सांग, मी नंतर त्यावर खुलासा देणार नाही. कचेरीतून येऊन स्वरा मला वाढते. तिने भाजी वाढताना "अजून वाढू का बाबा" विचारलं की मी हात धुवायला उठतो. टिपण मी फाडून टाकतो. एवढं मोडू देऊ नकोस.

आणखी ता. क. हे पत्र उद्या सकाळी टाकायला स्वराकडे देतो आहे. तिला मी पाकिटात काय आहे ते सांगितलेलं नाही.

आत्या, मी स्वरा. पाकीट उघडंच होतं, म्हणून वाचलं. घाबरू नकोस, काही मोडलेलं नाही. परवा पंकजने ट्रॅक्टर अंगणात उभा केला, आजीला बाजेवर बसवलं आणि तिच्यासमोर मागच्या चाकाचं तोंड उघडून सगळी हवा सोडून दिली. म्हणाला, "घे आजी. त्यायचीबी गेली, आपलीबी गेली." चाक पार रिंगेवर बसलं. मग आजी म्हणाली, आता आपल्या घामाची भर. म्हणून त्याने ते अख्खं चाक पायाच्या पंपाने भरलं. सकाळी लागला तो संध्याकाळच्या चहापर्यंत. आता त्याचीही कंबर धरली आहे. आजीने लगेच आईला फोन करून होकार दिला. पुढच्या दसऱ्याची वाट पाहिली नाही. म्हणाली, एवढं पंपवल्यावर रीत बाजूला ठेवता येते. शब्दाला दिवाळीनंतरची तारीख आहे. इचोड्यात सगळ्यांना माहीत आहे, पंक्चरवाल्यांनासुद्धा. फक्त बाबांना सांगायचं राहिलं आहे, कारण आजीने एकच अट घातली आहे. शब्दाच्या वेळी मुलीच्या बापाने तिच्या शेजारी बसायचं, चहा घ्यायचा आणि काही बोलायचं नाही. ही अट बाबांना सांगायची आमच्यापैकी कुणाची छाती नाही. म्हणून तू उटनूरला जाऊ नकोस, इकडेच ये आणि तूच त्यांना सांग. आजी म्हणते, फार नको, शब्द दिला जाईपर्यंत गप्प बसले तरी पुरे. आई म्हणते, आत्याला सांग, मागायचंच आहे तर अख्खा दिवस माग.